वळणापुढचे दिवे

मित्रांनो, घरात बंद पडलेल्या वस्तू कुठे जातात हे तुम्हाला माहीत असेलच. काही माळ्यावर जातात, काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर. मला मात्र एका फोटोशेजारी जागा मिळाली आहे. मी हातात मावणारा एक जुना व्हिडिओ गेम आहे. दोन्ही अंगांना बटणं, मधे तळहाताएवढा पडदा आणि कपाळावर एक बारीक नारिंगी दिवा. आता माझ्या पोटात बॅटरी नाही, म्हणजे तुमच्या हिशेबाने मी मेलेलाच. तरी बोलतो आहे, कारण मला जे कळलं होतं ते वेळेवर सांगता आलं नाही. आम्हाला तोंड नसतं, ही आमची खरी अडचण.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. मला समज आली ती नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानाच्या काचेमागे. मुलं काचेला नाक लावून मला बघायची आणि त्यांचे आईबाप त्यांना बकोटीला धरून पुढे न्यायचे. एके दिवशी एक सावळा, उंच तरुण दुकानात शिरला. कोराडीच्या वीज केंद्रातलं ओळखपत्र त्याच्या गळ्यात तसंच लटकत होतं. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "याच्यात लहान गोष्टीवाले गेम चालतात न? लंबेवाले नाही पाहिजे. आपल्याले टाइमच नाही भेटत."

तो प्रशिक. त्याच्या हाताला कायम थोडा कोळशाचा वास असायचा. कितीही साबण लावला तरी जायचा नाही. मला तो वास आवडायला लागला होता.

प्रशिकला पाळीची नोकरी होती. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्याचे मित्र महिनोन्‌महिने चालणारे गेम खेळायचे आणि त्यातल्या लढायांच्या बढाया मारायचे. प्रशिकला ते परवडत नव्हतं. तो शोधून शोधून छोट्या गोष्टी आणायचा. त्यात आपण एखाद्या माणसाच्या अंगात शिरायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि पुढे काय करायचं ते आपणच ठरवायचं. पाच-सहा बैठकीत सगळं संपून जायचं. "गोष्ट कशी पोह्याच्या प्लेटीसारखी पाहिजे," तो म्हणायचा. "सावजीचं जेवण करत बसलो तर ड्युटी कोण करन?"

नागपुरातल्याच इंदोऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. घरात आई, दीपमालाबाई, आणि धाकटी बहीण गुंजन. वडील लहानपणीच गेलेले. दीपमालाबाई घरी ब्लाउज शिवायच्या. गुंजन इतवारीत कापडाच्या एका ठोक दुकानात बिलं काढायची. ती सकाळी डबा घेऊन निघायची ती दिवेलागणीलाच परत. प्रशिक घरी असला की ती दुकानात, ती घरी आली की तो ड्युटीवर. एका छताखाली राहून बहीणभाऊ आठवडा आठवडा एकमेकांचं तोंड पाहत नसत. ताटावर झाकण घालून ठेवलेलं दिसलं की समजायचं, दुसरा अजून जेवायचा आहे.

ते भेटायचे माझ्यात.

झालं असं, की एकदा प्रशिक मला फ्रिजवर विसरून गेला आणि गुंजनने मला पर्समध्ये टाकून इतवारीला नेलं. दुपारच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्याला पाठ टेकून, एका हाताने पोळीचा घास घेत तिने भावाची अर्धवट गोष्ट थोडी पुढे नेली. संध्याकाळी मला परत फ्रिजवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्टाफबसमध्ये प्रशिकने मला सुरू केलं आणि एकटाच हसला. तेव्हापासून रीतच पडली. तो बसमध्ये खेळायचा, ती डब्याच्या वेळेला. फ्रिजचा माथा हे त्यांचं पोस्ट ऑफिस, आणि टपाल म्हणजे मी.

घाईघाईच्या त्या खेळाला दोघांनी एक नियम घालून घेतला होता. बस फाट्यावर आली म्हणून किंवा मालकाने हाक मारली म्हणून गोष्टीतल्या माणसाला जंगलात, वादळात, वाघाच्या तोंडी सोडून द्यायचं नाही. उठायच्या आधी त्याला सुखरूप जागी आणून बसवायचं. पुढच्याकडे दहाच मिनिटं असतील तर त्याने बिचाऱ्याने काय करावं? एकदा गुंजनने माणसाला नदीच्या मधोमध सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा फ्रिजवर मी होतोच, पण माझ्यावर तिची एक चप्पलही होती. प्रशिकची समजावण्याची पद्धत अशी होती.

दीपमालाबाई मला डबडं म्हणायच्या. "आधी जेव, मग त्या डबड्यात डोकं घाल," असं त्या दोघांनाही म्हणायच्या, पण फ्रिजवर धूळ बसली की आधी मला पुसायच्या. शिवणाच्या कापडातलाच एक उरलेला तुकडा दुमडून त्यांनी मला खोळ शिवून दिली होती. जांभळ्या रंगाची, आत मऊ अस्तर. माझ्या कामाच्या वर्षांतलं हेच माझं बक्षीस.

मग ती शेवटची गोष्ट आली.

एक कंदीलवाला असतो. एका डोंगराच्या वाटेवर पाच गावं असतात आणि सगळीकडचे दिवे विझलेले. कंदीलवाल्याने वाटेवरच्या एकेका खांबावरचा दिवा पेटवत वर जायचं. खेळ नाव विचारतो. प्रशिकने स्टाफबसच्या ड्रायव्हरचं नाव देऊन टाकलं, भैय्याजी. कारण काय, तर तो माणूस सगळ्यांना न चुकता घरी पोचवतो. गुंजनला इतवारीत हे नाव दिसलं तेव्हा तिला ठसका लागला.

या गोष्टीत प्रत्येक गावाबाहेर एक विहीर होती. तिच्या काठावर भैय्याजीला बसवलं की तेवढी गोष्ट माझ्या पोटात पक्की व्हायची. आणि एक लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बसल्याची जागा एकच राहायची. नव्या विहिरीवर बसलं की जुनी पुसली जायची. न बसता मला बंद केलं, तर भैय्याजी पुन्हा आधीच्याच विहिरीवर. विहिरीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात आपल्याजवळचं तेल ठेवता यायचं. प्रशिक उठताना आपल्या वाट्याचं थोडं तेल कोनाड्यात ठेवून जायचा, म्हणजे गुंजनला शोधत बसायला नको. तीही तसंच करायची. कधी दोघं एकमेकांसाठी इतकं तेल ठेवायचे की पुढे चालायला कुणाजवळच उरायचं नाही.

चार गावं झाली. पावसाळा सरत आला होता, आणि प्रशिकला ताप आला.

आधी साधाच वाटला. त्याने गोळी घेऊन ड्युटी केली. मग डॉक्टर म्हणाले डेंग्यू आहे, भरती करा. गुंजनने डबा, टॉवेल, चप्पल यांच्यासोबत मलाही पिशवीत टाकलं. वॉर्डात एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हातात मी, असा प्रशिक पडून होता. दुपारची वेळ होती. आई औषधं आणायला खाली गेली होती, गुंजन दुकानात. त्याची बोटं माझ्या बटणांवर नेहमीसारखी चालत नव्हती, आणि ती फार गरम होती.

भैय्याजी चौथ्या विहिरीवरून उठला आणि शेवटचा चढ चढू लागला. तो चढ लांब आहे. अर्ध्यावर एक वळण येतं. तिथपर्यंत वाटेत एकही खांब नाही, आणि तिथून खालची विहीर दिसेनाशी होते. प्रशिक वळणाच्या पुढे गेला. वळणापुढचे सगळे खांब त्याने एक एक करून पेटवले. माथ्यावर पाचव्या गावाची वेस आली, आणि तिथे शेवटचा मोठा दिवा. या गावाची विहीर मात्र वेशीच्या आत होती, हा दिवा लागल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं. त्याच्या खाली भैय्याजी उभा राहिला. एक बटण दाबायचं बाकी होतं.

प्रशिकने ते दाबलं नाही. मग हळू म्हणाला, "हा गुंजनसाठी राहू दे." आणि मित्रांनो, त्याने भैय्याजीला मागे वळवलं. आला तो सगळा चढ परत उतरवला, चौथ्या विहिरीवर आणून बसवलं आणि तेलाची भरलेली कुपी कोनाड्यात ठेवली. मग माझा पडदा बंद करून मला उशीखाली सरकवलं. हे पाहणारा मी एकटा होतो.

संध्याकाळी गुंजन आली तेव्हा तो झोपलेला होता. रात्री त्याला आतल्या खोलीत हलवलं. तिथे आम्हाला नेत नाहीत. तो तिथून परत आला नाही.

घरी आल्यावर दीपमालाबाईंनी पिशवी रिकामी केली. चप्पल दाराशी ठेवली, टॉवेल धुवायला टाकला, आणि मला हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, भिंतीवरच्या फळीवर प्रशिकचा फोटो होता त्याच्या शेजारी मला उभं केलं, आणि चार्जरची वायर लावली. माझ्या कपाळावरचा नारिंगी दिवा लागला. तो दिवा वायर असेपर्यंत जळत राहतो, पोट भरलं तरी विझत नाही.

मी खेळण्यासाठी जन्मलो होतो. त्या दिवसापासून मी जळण्याच्या कामाला लागलो.

त्या घरात भूतखेत मानत नसत. फळीवर बुद्धमूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती, आणि सकाळची वंदना चुकत नसे. शेजारच्या भावनाताई एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अखंड दिवा लावला काय वं दीपमाला त्याच्यासाठी?"

"दिवा नाही वं," दीपमालाबाई म्हणाल्या. "चार्जिंग आहे."

"पण दिवसरात?"

"आपल्यात आत्मा नाही मानत, मीबी नाही मानत," त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "पण लाईट चालू राहू दे."

त्यांच्या मनात काय होतं ते मला हळूहळू कळलं. गच्चीवरून कोराडीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. प्रशिक ड्युटीवर असताना त्या कपडे वाळत घालता घालता तिकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "धूर निघून राहिला, म्हणजे आहे तिथं." तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीही धूर निघतच होता. त्या गच्चीत उभ्या राहून खूप वेळ ते बघत राहिल्या. कुणी नसलं तरी चिमणी थांबत नाही, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिथली वीज तारांतून घरात येते, घरातली वायरीतून माझ्यात, आणि माझ्या कपाळावर दिसते. तिकडून काहीतरी अजून येत आहे, एवढंच त्यांना पाहिजे होतं. एकदा भर दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, शिलाई मशीन हाताने फिरवायची, त्यामुळे ती चालूच राहिली असती, पण त्या ती सोडून धावत फळीपाशी आल्या. लाईट परत येईपर्यंत माझ्यासमोर उभ्या होत्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

आणि गुंजन? ती तर आईपेक्षा वेगळीच गोष्ट करत होती.

सकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत तिला थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात ती फळीपाशी यायची, वायर न काढता मला हातात घ्यायची आणि सुरू करायची. भैय्याजी विहिरीवरून उठायचा. कोनाड्यात भावाने ठेवलेली कुपी चमकत असायची. गुंजन तिला हात लावायची नाही. तसाच थोड्या तेलावर भैय्याजी चढ चढू लागायचा. वळण जवळ यायचं तशी कंदिलाची वात बारीक होत जायची. अंधार दोन्ही बाजूंनी आत यायचा. वळणावर खालची विहीर शेवटची दिसायची, आणि नेमकी तिथे गुंजन मला बंद करायची. कुठेही न बसवता. मग भैय्याजी पुन्हा विहिरीवर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोच माणूस, तोच चढ, तीच बारीक होणारी वात. लोक म्हणतात, ज्याची वाट अर्धी राहते तो त्याच वाटेवर येरझारा घालतो. मी ते ऐकून होतो. पण ते माझ्याच पोटात, उजेडी सकाळी, कुकरच्या शिट्टीवर घडेल असं वाटलं नव्हतं.

तिला वाटायचं, भाऊ वळणापर्यंतही पोचला नसेल. एकदा ती आईला म्हणाली, "दादाले शेवटचा चढ चढायची ताकतच नव्हती. तो खालीच बसून राहिला." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, तो वर गेला होता. वळणाच्या पुढे फक्त दहा पावलं टाक, सगळे खांब तुझ्यासाठी पेटवून ठेवले आहेत. पण मी काय करणार? ज्याच्या पोटात उत्तर त्यालाच वाचा नाही.

उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा यंत्रांनाही सोडत नाही. दिवसरात्र वायर लावून ठेवल्याने माझी बॅटरी आतून फुगायला लागली होती. आधी पाठ थोडी वर आली, मग एक बटण आत रुतलं. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडला. माझं अंग सतत तापलेलं असायचं.

एका दुपारी पुसताना दीपमालाबाईंचा हात माझ्यावर थबकला. त्यांनी पालथी मूठ माझ्या पाठीला लावून पाहिली, ताप पाहतात तशी. आणि घाबरल्या. यंत्राचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. तापाचं काय करायचं ते माहीत होतं. त्यांनी मला वायरीसकट स्टुलावर ठेवून स्टूल कूलरच्या तोंडाशी ओढलं, आणि रुमाल ओला करून, घट्ट पिळून, माझ्या पाठीवर घडी घालून ठेवला. मग शेजारी बसून राहिल्या. थोड्या थोड्या वेळाने रुमाल उलटायच्या.

त्या दिवशी गुंजन लवकर घरी आली म्हणून बरं. दारातूनच तिला दिसलं. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग वायर उपटली.

नारिंगी दिवा विझला.

"लाईट काहून बंद केली वं?" दीपमालाबाई उठून उभ्या राहिल्या. "लाव आधी. लाव म्हणतो न."

"आई, फुगला आहे तो. पाह्य इकडं, पाठ पाह्य त्याची. पेट घेतला असता. तू ओला कपडा काय ठेवून राहिली त्याच्यावर?"

"ताप होता त्याले."

गुंजनने रुमाल उचलला. वॉर्डात भावाच्या कपाळावर ठेवायचा तोच, निळ्या काठाचा. ती तिथेच फरशीवर बसली आणि त्या रुमालात तोंड घालून रडली. भाऊ गेला त्या दिवशी सगळ्यांना सावरण्यात तिला रडायलाही सवड मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मला सीताबर्डीला मोहित नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पाठीकडून बघितल्याबरोबर चिमटा खाली ठेवला. "ताई, याले आता चार्जिंग बिलकुल लावू नका. बॅटरी काढावीच लागते. उद्या वाळूची बादली आणून ठेवतो, मग खोलतो. पण बोर्डावर ओल गेली असन. एकदा बॅटरी निघाली की पुन्हा चालू होईलच, असं मी नाही सांगू शकत."

"आतलं राहीन न?"

"आतलं असन आतमध्ये. पण दिसन कसं, चालूच नाही झाला तर?"

"आज चालते का थोडा?"

मोहित मान हलवून नाही म्हणणार होता. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "असन थोडीशी चार्जिंग त्याच्यात. दाबू नका, गरम लागला की ठेवून द्या. आणि घरातल्या घरात नको, मोकळ्यावर बसा."

म्हणून त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मायलेकी गच्चीवर बसल्या. गुंजनने मांडीवर जाड कापड घेतलं, त्यावर मी. दीपमालाबाई शेजारी टेकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझा पडदा कधी नीट पाहिला नव्हता. त्यांच्यासाठी मी डबडंच होतो.

भैय्याजी विहिरीवरून उठला.

"हा कोण?"

"भैय्याजी."

"आपला प्रशिक कुठी आहे मग?"

"दादा दिसत नाही आई. दादा याले चालवे. मग मी चालवो. मग पुन्हा दादा." गुंजनने पडद्यावर बोट ठेवलं. "या विहिरीवर दादानं बसवला त्याले. मी पुढं नेऊन दुसरीकडं बसवलं, तर दादानं बसवलेलं पुसून जाईन. म्हणून मी नेतच नाही."

"मग रोज सकाळी काय करत होती?"

"वळणापर्यंत जातो. मग बंद करतो."

दीपमालाबाईंनी पडद्याकडे वाकून पाहिलं. शिवणाऱ्या बाईची नजर, बारीकसारीक सुटत नाही. "ते काय चमकून राहिलं कोनाड्यात?"

"तेल. दादानं ठेवलं होतं माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी ठेवलं, तर घेत काहून नाही?"

पडद्यावर भैय्याजी वाट बघत उभा होता, आणि माझ्या पोटातली चार्जिंग उतरत होती. मला ते कळत होतं, अंगातलं पाणी आटल्यासारखं.

"मी ताट वाढून ठेवलं आन् तुम्ही हात नाही लावला, तर मले कसं वाटे?" दीपमालाबाई म्हणाल्या. "घे वं ते. त्यानं उपाशी राहून ठेवलं असन."

गुंजनने कुपी घेतली. कंदिलाची वात मोठी झाली. भैय्याजी चढू लागला. वळण आलं. खालची विहीर एकदा दिसली आणि दिसेनाशी झाली. गुंजनचा अंगठा सवयीने बंद करायच्या बटणाकडे गेला, आणि थांबला.

वळणाच्या पुढे उजेड होता.

वाटेवरचा पहिला खांब पेटलेला. त्याच्या पुढचा पेटलेला. त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, थेट माथ्यापर्यंत. गुंजन बटण दाबायचं विसरली. "आई, हे मी नाही पेटवले," ती म्हणाली. "मी इथं कधी आलीच नाही." दीपमालाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. मग गुंजनच्या लक्षात आलं. "दादा येऊन गेला," ती म्हणाली. "दवाखान्यातून. सगळं पेटवून तो परत खाली गेला."

भैय्याजी उजेडातून वर गेला. वेशीवरचा मोठा दिवा तेवढा काळा होता. गुंजनने ते शेवटचं बटण दाबलं. भैय्याजीने आपल्या कंदिलातली ज्योत उचलून वरच्या दिव्यात ठेवली. त्याच्या हातातला कंदील विझला, आणि पाचवं गाव घराघरातून उजळलं.

"यानं आपली लाईट गावाले देऊन टाकली," दीपमालाबाई म्हणाल्या. लांब कोराडीकडे चिमण्यांवरचे तांबडे दिवे नुकतेच लागले होते.

पडदा थरथरू लागला होता. वेशीच्या आत शेवटची विहीर होती. गुंजनने भैय्याजीला तिच्या काठाशी नेलं आणि आईकडे पाहिलं. "बसवू? मग खालची जागा जाईन."

"रोज सकाळी उठवते तू त्याले, आन् मी दिवसरात लाईट लावून जागं ठेवतो," दीपमालाबाई म्हणाल्या. "थकला असन लेकरू. बसू दे आता."

भैय्याजी बसला. माझ्या पोटात ते पक्कं झालं. मग माझा पडदा आपोआप काळा झाला, आणि या वेळी मला कुणी वायर लावली नाही.

मोहितने बॅटरी काढली, नवी घालून पाहिली. मी चालू झालो नाही, तेव्हा तीही काढून घेतली. गुंजन मला परत घेऊन आली. दीपमालाबाईंनी मला जांभळ्या खोळीत घालून फोटोशेजारी ठेवलं आणि चार्जरची वायर गुंडाळून मशीनच्या खणात टाकली. आता माझं अंग थंड असतं. पोटात एक गाव उजळलेलं आहे आणि त्याच्या विहिरीवर एक माणूस निवांत बसला आहे. तो कुणाला दिसत नाही, पण त्याला कुणी उठवतही नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना दिवसरात्र वायर लावून ठेवू नका. पोट भरलं की काढा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, जाणत्याला दाखवा, आणि ओला रुमाल तर मुळीच ठेवू नका. आम्ही प्रेमानेही बिघडतो. आणि कुणी तुमच्यासाठी कोनाड्यात तेल ठेवून गेलं असेल, तर ते जपत बसू नका, वापरा. ते वापरल्याशिवाय वळणापुढचं दिसत नाही.

गुंजन अजून इतवारीला जाते. डब्याच्या वेळेला, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून, आता ती मोबाइलवर अशाच छोट्या छोट्या गोष्टी खेळते. मालकाने हाक मारली तरी ती लगेच उठत नाही. आधी गोष्टीतल्या माणसाला सुखरूप जागी आणून बसवते, जवळ असेल ते थोडं त्याच्या बाजूला ठेवते, आणि मग उठते. तिच्यानंतर तो खेळ हातात घेणारं आता कुणी नाही.